बूस्ट गेज खरा की मोबाइल ॲप? काट्याची परीक्षा घरच्या घरी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेट्रोल टर्बो गाडीत ५२ मिलिमीटरचा, काट्याचा बूस्ट गेज बसवला आहे. (बूस्ट म्हणजे टर्बो बाहेरच्या हवेपेक्षा जितक्या जास्त दाबाने इंजिनात हवा कोंबतो तो दाब.) फुल थ्रॉटलला, म्हणजे पाय पूर्ण दाबल्यावर, गेजवर १४ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच, दाबाचं एकक) दिसतं आणि ओबीडीला, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे वाचायच्या सॉकेटला, जोडलेल्या मोबाइल ॲपवर १२. गाडी असते ते ठिकाण समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर उंचीवर आहे. शेवटी जाता जाता लिहिलंय, ‘आणि एक गंमत, इंजिन बंद ठेवून नुसती चावी ऑन केली की ॲप उणे १.३ दाखवतं, काटा मात्र शून्यावर असतो.’ तर गेज चुकतोय का, आणि तो तपासायचा कसा?

ज्याला तुम्ही गंमत म्हणताय त्यातच निम्मं उत्तर आहे. इंजिन बंद असताना मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा वाटून देणाऱ्या नळ्यांत, बाहेरचीच हवा असते, म्हणजे बूस्ट शून्यच असायला हवा. तिथे तुमचा काटा शून्यावर आहे आणि ॲप उणे १.३ सांगतंय. मग दोघांपैकी आधी संशय कोणावर घ्यायचा? बहुतेक जण गेजवर घेतात, कारण तो आपण नंतर बसवलेला असतो आणि ॲपवर दशांश चिन्हासकट आकडा येतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार आहे.

ॲपला आकडा पुरवणारा गाडीतला मॅप सेन्सर बूस्ट मोजतच नाही. तो मॅनिफोल्डमधला निरपेक्ष दाब मोजतो, म्हणजे निर्वात पोकळीला शून्य धरून. ओबीडीवर हाच आकडा किलोपास्कलमध्ये येतो. बूस्ट काढायचा तर त्यातून त्या ठिकाणचा हवेचा दाब वजा करावा लागतो, आणि बरीच ॲप्स इथे आळस करतात. ती सरसकट समुद्रसपाटीचा दाब, १०१.३ किलोपास्कल, वजा करतात. ८०० मीटरवर खरा दाब असतो ९२ च्या आसपास. ९२ मधून १०१.३ गेले की उणे ९.३ किलोपास्कल, म्हणजे साधारण उणे १.३ पीएसआय. तुमची गंमत ती हीच.

ही तूट फुल थ्रॉटललाही तशीच राहते. ॲपच्या १२ मध्ये १.३ मिळवा, १३.३ झाले. आता भांडण दोन पीएसआयचं न राहता ०.७ चं उरलं.

काट्याच्या गेजला ही भानगड नसते. बहुतेक अशा गेजमध्ये चपटी, वर्तुळाच्या तुकड्यासारखी वाकवलेली धातूची नळी असते. आत दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते, फुंकली की उलगडणाऱ्या कागदी पिपाणीसारखी, आणि तिच्या टोकाला जोडलेले दाते काटा फिरवतात. फ्रान्सच्या युजीन बूर्दाँने १८४९ मध्ये याचं पेटंट घेतलं आणि अजून हीच रचना चालते. नळीच्या बाहेरून, म्हणजे डबीच्या आत, त्या ठिकाणची हवा असते. त्यामुळे गेज आपोआप स्थानिक हवेच्या तुलनेतच दाब दाखवतो. घाट चढा नाहीतर समुद्रकिनारी उतरा, इंजिन बंद असेल तर काटा शून्यावरच राहिला पाहिजे. अपवाद डबी पूर्ण सीलबंद असलेल्या गेजचा, विशेषतः तेल भरलेल्यांचा. आतली हवा कोंडली गेली की उंची आणि उष्णता दोन्हींनी काटा थोडा सरकतो. काही गेजना यासाठीच वर एक रबरी बूच असतं, ते क्षणभर उचलायचं.

ॲपवर पहिलं काम हे करा: ‘बूस्ट’ नावाचा डायल काढून टाका आणि इनटेक मॅनिफोल्ड प्रेशर, किलोपास्कल, हा कच्चा आकडा लावा. वजाबाकी आपण करू. रात्रभर उभ्या गाडीत चावी ऑन करून हा आकडा लिहून घ्या. तोच तुमचा आजचा शून्य. आता मॅप सेन्सर तरी खरा आहे का हे बघायचं, तर खूप मोबाइलमध्ये हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. तो ९२० हेक्टोपास्कल दाखवत असेल आणि ओबीडीवर ९२ किंवा ९१ किलोपास्कल असेल, तर सेन्सर निदान या बिंदूला ठीक आहे.

मात्र हा आकडा हवामानाच्या ॲपवरून घेऊ नका. हवामानवाले दाब समुद्रसपाटीला ‘उतरवून’ छापतात, म्हणजे गावोगावचे आकडे एका नकाशावर तुलना करता येतील असे. तुमच्या ८०० मीटरवरही तिथे १०१२ वगैरे दिसेल. त्यावर विश्वास ठेवून चांगला मॅप सेन्सर बदललेले लोक मी पाहिलेत.

आता उरलेले ०.७. गेजची अचूकता टक्क्यांत देतात, पण ते टक्के दिसणाऱ्या आकड्याचे नसून पूर्ण पट्टीचे असतात. तुमचा गेज बहुधा उणे ३० इंच पाऱ्यापासून (उणे बाजू व्हॅक्यूमची) अधिक ३० पीएसआयपर्यंतचा असेल. ३० इंच म्हणजे साधारण १४.७ पीएसआय, तेव्हा पट्टी झाली ४४.७ ची. गेज २.५ टक्के वर्गातला असेल तर कुठेही १.१ पीएसआयची चूक त्याला माफ आहे, १.६ टक्के वर्गातला असेल तर ०.७ ची. ५ पीएसआय दाखवताना ४ किंवा ६ असले तरी कारखान्याच्या लेखी गेज पास! शिवाय ५२ मिलिमीटरच्या डायलवर एक पीएसआय म्हणजे काट्याच्या टोकाशी जेमतेम दोन मिलिमीटर. गेज खिडकीशेजारच्या खांबावर असेल आणि तुम्ही तो तिरका बघत असाल, तर अर्धा पीएसआय नुसत्या नजरेत जातो. म्हणून कुठलाही आकडा घेताना डोळा काट्याच्या अगदी समोर आणा.

शून्याची परीक्षा सगळ्यात सोपी आणि सगळ्यात दुर्लक्षित. इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा, काचेवर बोटाने हलकी टिचकी मारा आणि बघा. टिचकीने काटा हलला तर आत घर्षण आहे, पुढची सगळी मोजमापं टिचकी मारूनच घ्यायची. शून्यापासून अर्धा पीएसआय वर बसला असेल तर बहुतेक वेळा तो सगळीकडे अर्धा पीएसआय वरच राहतो. फक्त बूस्ट दाखवणाऱ्या काही गेजमध्ये शून्यापाशी काटा अडवणारी खुंटी असते. तिथे शून्य ‘बरोबर’ दिसतं, कारण काट्याला खाली जायला जागाच नसते. अशा गेजची शून्य परीक्षा धरू नका.

पण शून्य बरोबर आलं म्हणून १४ बरोबर येतीलच असं नाही. त्यासाठी ज्ञात दाब द्यावा लागतो, आणि तो गाडी उभी असताना, इंजिन बंद ठेवून. चालत्या गाडीत दोन हलते आकडे जुळवत बसण्यापेक्षा हे दसपट सोपं आहे. गेजची नळी मॅनिफोल्डच्या निपलवरून (नळी जोडायच्या तोटीवरून) काढायची, तिला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावायचा, एका बाजूला हातपंप आणि दुसऱ्या बाजूला ज्याच्यावर भरवसा आहे असं मोजमाप. गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरची लाइन मात्र थेट लावू नका. तिथे शंभरावर पीएसआय असतात. आतली नळी एकदा ताणली गेली की परत मूळ आकारात येत नाही.

भरवशाचं मोजमाप कुठून आणायचं? पुष्कळ घरांत एक असतं, आणि ते तुमच्या गेजपेक्षा कितीतरी अचूक असतं: रक्तदाब मोजायचं घड्याळी यंत्र, रबरी फुगा दाबायचं ते. बटणाचं डिजिटल नको, ते स्वतःच्या मर्जीने हवा सोडतं. या यंत्राला फक्त ३ मिलिमीटर पाऱ्याइतकीच चूक माफ असते, म्हणजे ०.०६ पीएसआय. पट्टा एखाद्या जाड काचेच्या बाटलीला घट्ट गुंडाळा. तो हवेची टाकी म्हणून काम करतो आणि काटा स्थिर राहतो. घड्याळाकडे जाणाऱ्या नळीत टी घालून तिसरं टोक बूस्ट गेजला द्या. आता फुगा दाबत १०० वर आणा, बूस्ट गेजवर १.९ पीएसआय यायला हवं. २०० ला ३.९. ३०० ला ५.८. मग हळूहळू हवा सोडत पुन्हा २०० आणि १०० ला थांबा. चढताना आणि उतरताना एकाच दाबाला वेगळे आकडे आले तर दाते झिजले आहेत किंवा नळी थकली आहे, आणि त्याला इलाज नाही. सगळीकडे सारखीच चूक असेल तर शून्य सरकलंय. दाबाबरोबर चूक वाढत असेल तर पट्टीच ताणलेली आहे, १४ ला ती आणखी वाढणार हे धरून चाला.

इथे अडचण एवढीच की हे यंत्र ५.८ ला संपतं. त्यापुढे मला पाण्याचा स्तंभ आवडतो. हसू नका, याच्याइतकं प्रामाणिक मोजमाप विकत मिळणं कठीण. एक पीएसआय म्हणजे ०.७०३ मीटर पाणी. दहा पीएसआय म्हणजे ७.०३ मीटर. जिना दोन-अडीच मजल्यांचा असला की झालं. एक लिटरची सोड्याची प्लॅस्टिक बाटली निम्म्याहून जास्त पाण्याने भरायची आणि बुचातून दोन नळ्या आत घालून सांधे बंद करायचे. एक पारदर्शक नळी, आतून ६ मिलिमीटरची, बाटलीच्या तळाशी बुडलेली आणि बाहेरून जिन्याच्या कठड्याने उभी वर गेलेली. दुसरी आखूड, पाण्याच्या वरच संपणारी, टीमधून पंप आणि गेजकडे. पंप मारला की पाणी नळीतून चढायला लागतं. सात मीटर चढायला जेमतेम २०० मिली पाणी लागतं. मोजायचं ते बाटलीतल्या पाण्याच्या पातळीपासून नळीतल्या पातळीपर्यंत, सरळ उभ्या रेषेत. नळी तिरकी गेली तरी चालते, मोजमाप मात्र उभंच. बाटलीतली पातळी थोडी खाली जाते, ती दर वेळी नव्याने बघायची. नळीत हवेचे बुडबुडे अडकले असतील तर आधी ते झटकून वर काढा, कारण बुडबुड्याच्या उंचीचं पाणी मोजणीत खोटं धरलं जातं.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा खाली एक जण पंप मारत होता आणि मी वरच्या मजल्यावर टेप धरून उभा होतो. साडेसहा मीटरला टेपवरून ओरडून आकडा सांगितला, म्हणजे ९.२५ पीएसआय. खालून उत्तर आलं, ‘साडेनऊच्या जरा वर!’ तेवढ्या एका वाक्यात त्या गेजचा निकाल लागला: ०.३ ने जास्त दाखवतो, चालेल.

जिना नको असेल तर मापनयंत्रांची दुरुस्ती करणाऱ्या प्रयोगशाळेकडून ०.६ टक्के वर्गाचा, ० ते २.५ बारचा तपासणीचा गेज थोड्या वेळासाठी मिळतो का बघा. त्याची चूक ०.२ पीएसआयच्या घरात, म्हणजे तुमच्या गेजच्या पाचव्या हिश्शाइतकी. ज्याने तपासायचं ते मोजमाप तपासल्या जाणाऱ्यापेक्षा निदान चौपट अचूक हवं, हा या धंद्यातला जुना दंडक. म्हणूनच टायरचा स्वस्त गेज लावून बूस्ट गेज तपासण्यात अर्थ नाही. दोघेही सारखेच अंदाजपंचे, आणि आकडे जुळले तरी त्यातून काही सिद्ध होत नाही.

पंप लागलेलाच आहे तर नळीचीही परीक्षा उरकून घ्या. नळीच्या मॅनिफोल्डकडच्या टोकाला १५ पीएसआय द्या, पंपाची बाजू चिमट्याने बंद करा आणि एक मिनिट बघा. काटा उतरायला नको. काटा थरथरू नये म्हणून कित्येक गेजबरोबर एक बारीक भोकाचं पितळी रिस्ट्रिक्टर देतात. नळीत ते नसेल तर गेजपाशी बारीक गळती असूनही आकडा फारसा बिघडत नाही, कारण मॅनिफोल्डकडून हवा सहज भरून येते. रिस्ट्रिक्टर असेल तर मात्र तीच गळती आकडा खाली ओढते: बारीक भोकातून सतत हवा वाहत राहते आणि त्या भोकातच दाब पडतो. बूस्टही कमी दिसतो आणि व्हॅक्यूमही कमी दिसतो, ही त्याची खूण. गेज बिचारा बरोबर सांगत असतो, त्याच्यापर्यंत पोहोचणारा दाबच कमी असतो.

जोड कुठून घेतलाय तेही बघा. थ्रॉटलच्या (पायाने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) पुढे, मॅनिफोल्डवरून घेतला असेल तर तो मॅप सेन्सरशी जुळायला हवा. थ्रॉटलच्या आधीच्या पाइपवरून घेतला तर अर्ध्या थ्रॉटलला गेज जास्त दाखवणारच, आणि व्हॅक्यूम दिसणारच नाही. इंटरकूलरच्याही (टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या रेडिएटरच्याही) आधी, टर्बोच्या तोंडाशी घेतला असेल तर इंटरकूलरमध्ये पडणारा दाबही त्यात धरला जातो, आणि फुल थ्रॉटलला तो एक-दोन पीएसआय सहज असतो. तुमच्या ०.७ चं उत्तर इथेही असू शकतं.

माझ्याकडे एकदा एक गाडी आली होती. काटा आयडलला, म्हणजे पाय न देता इंजिन नुसतं चालू असताना, व्हॅक्यूमवर जायचा आणि पाय कितीही दाबला तरी तिथेच खिळून राहायचा. मालकाने तोवर दुसरा नवा गेज घेऊन लावला होता, तोही खिळला. जोड ब्रेक बूस्टरच्या (व्हॅक्यूमने ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याच्या) नळीवर घेतलेला होता, आणि तोही एकमार्गी व्हॉल्व्हच्या पलीकडे, बूस्टरच्या बाजूला. तो व्हॉल्व्ह व्हॅक्यूम कोंडून ठेवण्यासाठी आणि बूस्टचा दाब आत न येऊ देण्यासाठीच असतो. जोड तिथून हलवल्यावर जुना गेजही उत्तम चालला.

व्हॅक्यूमच्या बाजूचं एक सांगून ठेवतो, कारण उंचावरचे लोक त्याने घाबरतात. आयडलला मॅनिफोल्डमध्ये ३५ किलोपास्कल असतील तर समुद्रकिनारी गेज साडेएकोणीस इंच दाखवेल आणि तुमच्याकडे १७ च्या जरा खाली. इंजिन तेच, तब्येत तीच, बाहेरची हवाच विरळ. डिझेल असेल तर बहुधा आयडलला काटा शून्यापाशीच दिसेल, तिथे पेट्रोलसारखा व्हॅक्यूम तयार होत नाही.

तुमचा गेज काट्याचा आहे, पण वाचणाऱ्यांपैकी कोणाचा इलेक्ट्रॉनिक असेल तर वरच्या परीक्षा तशाच, फक्त पंप सेन्सरला लावायचा. त्यात आणखी एक शत्रू असतो: अर्थिंग. समजा सेन्सर ० ते ३ बार निरपेक्ष दाबाला अर्धा ते साडेचार व्होल्ट देतो. म्हणजे एका व्होल्टला ७५ किलोपास्कल. सेन्सर आणि गेज यांच्या अर्थमध्ये फक्त ५० मिलिव्होल्टचा फरक पडला तरी आकडा अर्ध्या पीएसआयहून जास्त सरकतो. ओळखायची युक्ती सोपी: इंजिन बंद, चावी ऑन, आकडा बघा. मग हेडलाइट आणि ब्लोअर लावा. आकडा हलला तर गेज सोडा, वायर धरा.

आणि आता चालत्या गाडीतली तुलना. ही शेवटी करायची, कारण इथे सगळ्या चुका एकत्र मिसळतात. ॲपमध्ये फक्त मॅनिफोल्ड प्रेशर हा एकच आकडा मागवा. चार-पाच आकडे एकदम मागितले की प्रत्येकाचा वेग मंदावतो आणि टर्बोचा सुरुवातीचा उसळा ॲपला दिसतच नाही. काट्याला मात्र तो दिसतो, आणि आपल्याला तोच लक्षात राहतो. तुमचे १४ असा क्षणभरचा उसळा तर नव्हे? मोकळ्या रस्त्यावर किंवा डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर पळवायच्या यंत्रावर) तिसऱ्या गिअरमध्ये दीड-दोन हजार आरपीएमपासून पूर्ण पाय द्या आणि शेजारच्या माणसाला गेज व मोबाइल एकाच चौकटीत घेऊन व्हिडिओ काढायला सांगा. चालकाने गेजकडे बघायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. नंतर व्हिडिओ थांबवत बघा आणि जिथे दोन्ही आकडे सेकंदभर तरी स्थिर आहेत तीच जागा घ्या. ॲपच्या किलोपास्कलमधून सकाळचा शून्य वजा करा, ०.१४५ ने गुणा, झाले पीएसआय. तुमच्या गाडीत १८४ किलोपास्कल आले तर १८४ वजा ९२ म्हणजे ९२, आणि पीएसआय १३.३. जास्त बूस्टच्या गाड्यांत आकडा २५५ वर अडकलेला दिसला तर तो टर्बोचा दोष नव्हे. ओबीडीच्या या नेहमीच्या आकड्याला एकच बाइट दिलेला आहे, त्यात २५५ च्या पुढे मावत नाही.

डॅशबोर्डवर कंपनीनेच दिलेला बूस्टचा डायल असेल तर तुलनेसाठी तो धरू नका. त्यातली हालचाल दिसायला छान व्हावी म्हणून बऱ्याचदा गुळगुळीत केलेली असते.

माझं मत विचाराल तर पाण्याच्या किंवा तपासणीच्या गेजसमोर तुमचा गेज दहा पीएसआयला ०.७ च्या आत चुकत असेल, चढता-उतरता सारखाच आकडा देत असेल, तर तो ठेवा. डबीच्या मागे चिकटपट्टीवर चूक लिहून टाका: ‘१० ला +०.५’. काटा उपसून फिरवायच्या फंदात पडू नका, शून्य जुळवताना वरची पट्टी बिघडवून घ्याल. परतताना एक पीएसआय मागे राहत असेल तर मात्र बदला. जास्त दाखवणारा गेज पैसा आणि वेळ खातो, कमी दाखवणारा इंजिन खाऊ शकतो, कारण त्याच्या भरवशावर माणूस बूस्ट वाढवत जातो. तुमचा गेज, सगळं जमेस धरून, जास्त दाखवणाऱ्यांतला दिसतो. तेव्हा घाई नाही, एखाद्या सुट्टीच्या दिवशी रक्तदाबाच्या यंत्रापासून सुरुवात करा. आणि परीक्षा संपली की टी काढून नळी निपलवर घट्ट बसवा, क्लिप लावा. ती विसरून गाडी चालू केलीत तर आयडल डुलायला लागेल आणि दोष पुन्हा गेजच्याच माथी येईल.